१४४, ६०, ८७

भाची कीबोर्डवर एक तुकडा बसवत होती. हात बऱ्यापैकी बसल्यावर म्हणाली, रेकॉर्ड कर. मी कीबोर्डची केबल कॉम्प्युटरला लावली, सॉफ्टवेअरमध्ये एक ट्रॅक उघडला आणि तिने वाजवलं. मग ऐकवण्याआधी, उगाच गंमत म्हणून, मी ट्रॅकचा साउंड पियानोवरून काढून व्हायोलिनवर नेला. तिने हेडफोन लावले, थोडं ऐकलं, एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि म्हणाली, "मामा, हे मी नाही वाजवलेलं." अगं, तूच वाजवलंयस, मी म्हटलं, फक्त आवाज बदललाय, एक सूर इकडचा तिकडे झालेला नाही. तिने पुन्हा ऐकलं. मधे एका ठिकाणी तिची करंगळी नेहमी किंचित उशिरा पडते. तो उशीरही व्हायोलिनमध्ये जसाच्या तसा उतरला होता. तिला तो ओळखू आला असणार, कारण तिथे ती हसली. तरी मान काही होकारार्थी हलेना. उलट तिने फोन काढला आणि आधी कधीतरी घेतलेलं रेकॉर्डिंग लावलं. पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, मधेच नाक ओढल्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या मागे, फोनच्या चिमुकल्या माइकने पार चेपून टाकलेला तोच तुकडा. "हे बघ. हे मी आहे."

वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

ती गेल्यावर मी त्या ट्रॅकची इव्हेंट लिस्ट उघडून बसलो, म्हणजे कीबोर्डने कॉम्प्युटरला मिडी नावाच्या भाषेत धाडलेल्या निरोपांची यादी. एरवी ही खिडकी कोणी उघडत नाही. रंगीत पट्ट्यांचा पियानो रोल दिसतो त्यावर सगळ्यांचं भागतं. लिस्टमध्ये नुसत्या ओळी असतात. पहिली ओळ आकड्यांत उलगडली की १४४, ६०, ८७. यातला १४४ सांगतो की पहिल्या चॅनेलवर, म्हणजे एका वाद्यासाठी राखलेल्या वाटेवर, एक नोट सुरू झाली. ६० म्हणजे कुठली, तर मधला सी. ८७ हा वेग, व्हेलॉसिटी. पुढे कधीतरी १२८, ६० आणि आणखी एक आकडा येतो, म्हणजे तीच पट्टी वर आली. पट्टी खाली, पट्टी वर, आणि प्रत्येक ओळीच्या कडेला वेळ. अख्खा तुकडा या दोन घटनांवर उभा होता, मधूनमधून पेडल दाबल्या-सोडल्याच्या नोंदी सोडल्या तर. यात पियानो नव्हता, व्हायोलिनही नव्हतं. इतकंच काय, सूरसुद्धा नव्हता. नोट क्रमांक ६९ म्हणजे ४४० हर्ट्झचा ए, हे पलीकडच्या यंत्राने मनाशी धरलेलं असतं. त्याने सगळं ट्यूनिंग अर्ध्या स्वराने उतरवून ठेवलं, तर या लिस्टला त्याचा पत्ताही लागत नाही. आणखी एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या आवडली. १४४ ही ओळ निघते तेव्हा ती नोट किती लांब असणार हे कोणालाच माहीत नसतं. कागदावरच्या नोटेशनमध्ये सुराची लांबी आधीच लिहिलेली असते. इथे बोट उचललं जाईपर्यंत सगळं अधांतरी.

त्या ८७ वर मात्र मी बराच वेळ रेंगाळलो. साध्या कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली दोन रबरी कॉन्टॅक्ट असतात. पट्टी खाली जाताना एक आधी टेकतो, दुसरा जरासा नंतर. दोन्हींच्या मधे किती वेळ गेला त्यावरून पट्टी किती वेगाने आली हे ठरतं, आणि तो वेग १ ते १२७ यांतल्या एका आकड्यात बसवला जातो. (शून्य वेगाने 'सुरू' हा निरोप आला तर त्याचा अर्थ 'बंद' असा घ्यायचा ठराव आहे.) म्हणजे जोर वगैरे कोणी मोजलेलाच नाही. जीव तोडून दाबलेली पट्टी असो की चुकून कोपर लागलेली, दोन टेकण्यांमधला वेळ सारखा असेल तर आकडा सारखाच. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा वाजवणारा माणूस खट्टू होतो. पण खऱ्या पियानोच्या पोटात डोकावून पाहिलं तर तिथेही फार वेगळं काही चाललेलं नसतं. पट्टी दाबली की हातोडी उचलली जाते, आणि तारेवर आदळण्याच्या जरा आधी ती पट्टीच्या यंत्रणेतून सुटते. शेवटचं ते इवलंसं अंतर ती आपल्या आपण, मिळालेल्या वेगावर कापते. बोटाच्या मनात काय होतं याची हातोडीला खबर नसते. म्हणून पियानो वाजवणाऱ्याचं मिडी ऐकताना मला फारसं काही हरवल्यासारखं वाटत नाही. जे घडलं त्यातलं बहुतेक सगळं त्या आकड्यांत आलेलं असतं.

बासरीचं किंवा गळ्याचं तसं नाही. तिथे सूर सुरू झाल्यावरच खरं काम चालू होतं: फुंक वाढते, कमी होते, सूर वरच्या सुराकडे सरकतो, मधेच थबकतो. मींड म्हणजे तर दोन सुरांच्या मधला सगळा रस्ता, आणि मिडीची जडणघडण पट्ट्यांच्या वाद्यांवर झालेली; पट्ट्यांच्या मधे तिच्या लेखी काही नसतंच. त्यासाठी पिच बेंड नावाची वेगळी सोय आहे. तिला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकाव्याला ना नाही. पण ती वाकवते ते अख्ख्या चॅनेलला. तीन सूर एकत्र लावून त्यातला एकच ओढायचा म्हटलं तर तिन्ही फरफटत जातात. या दुखण्यावर २०१८ मध्ये एमपीई नावाचा रीतसर तोडगा आला: प्रत्येक सुराला स्वतःचं चॅनेल द्यायचं. पोटभाडेकरूंची सोय करावी तसा प्रकार आहे, पण चालतो.

मग मी तिच्या फोनवरची फाइल मागवून घेतली आणि कॉम्प्युटरवर लाट मोठी मोठी करत गेलो. आधी केसाळ सुरवंटासारखा दिसणारा पट्टा, मग डोंगररांगा, मग एकच वळणदार रेघ, आणि सगळ्यात शेवटी सुटे सुटे ठिपके. ठिपका म्हणजे माइकचा पडदा त्या क्षणी कुठे होता याचा आकडा. सीडीच्या मापाने बोलायचं तर असे आकडे सेकंदाला ४४,१००, प्रत्येक उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या मधला, आणि डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे. इतके का, तर ज्या कंपनसंख्येपर्यंत ऐकायचं तिच्या दुपटीहून जास्त ठिपके लागतात, आणि माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत पोचतो. या आकड्यांत मी सी शोधत होतो. सी नव्हता. तीन पट्ट्या एकदम दाबल्या होत्या तिथेही रांग एकच होती, तिन्ही सुरांची, पंख्याची आणि नाकाची बेरीज होऊन गेलेली. बेरीज ३५ आली एवढंच हातात असताना कुठल्या कुठल्या संख्या मिळवल्या होत्या ते सांगा, असं म्हटल्यावर जी अडचण होते, तीच. आता सॉफ्टवेअर ऐकून अंदाज बांधतात आणि ऑडिओतून नोटा वेगळ्या काढून देतात, कधी कधी आश्चर्य वाटावं इतक्या नीट. पण तो अंदाज असतो. नोटा आपला कान काढतो आणि सॉफ्टवेअर त्याची नक्कल करतं. फाइलमध्ये त्या कोणी ठेवलेल्या नसतात.

दोन्ही फाइलींच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ ऑडिओ मिनिटाला साधारण १० एमबी खातो. भाचीचा तुकडा मिडीत काही केबींमध्ये आटोपला होता. गंमत शांततेची आहे. तिने एके ठिकाणी हात उचलून दम धरला होता. मिडीत त्या जागी काहीच नाही, एक ओळ संपते आणि पुढच्या ओळीच्या कडेला नंतरची वेळ असते, झालं. ऑडिओत मात्र त्या रिकाम्या सेकंदाचेही तितकेच आकडे, एकही कमी नाही. आणि ते शून्य तरी असावेत? तेही नाही. चार, उणे सात, दोन, उणे अकरा. खोली स्वतःशी पुटपुटत असते आणि माइक ते इमानेइतबारे उतरवून घेतो. तिला 'हे मी आहे' असं वाटायला त्या पुटपुटण्याचा बराच हातभार असावा, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटून गेलं.

मिडी जन्माला आली तीच मुळी आवाज न पाठवण्यासाठी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरशी बोलत नसे. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांनी पुढाकार घेऊन इतरांना एका भाषेवर आणलं आणि जानेवारी १९८३ मध्ये, अमेरिकेत वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले. एकावर वाजवायचं, दुसऱ्यातून ऐकायचं. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनी हे केलं, याचं मला त्या यंत्रांपेक्षा जास्त अप्रूप वाटतं. दोघांना त्याबद्दल २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

त्या जुन्या पाच पिनांच्या केबलमधली एक गोष्ट मला फार आवडते. केबल दोन्ही यंत्रांत खोचलेली दिसते, पण विजेच्या दृष्टीने ती यंत्रं जोडलेलीच नसतात. निरोप घेणाऱ्या यंत्राच्या आत एक छोटा दिवा असतो आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा एक भाग. विजेचा निरोप तिथे पोचला की दिवा लुकलुकतो, समोरचा ते लुकलुकणं पाहतो आणि पुढे पुन्हा विजेत सांगतो. एका यंत्राच्या अर्थिंगची गुणगुण दुसऱ्याच्या आवाजात शिरू नये म्हणून ही योजना. मधल्या त्या फटीतून फक्त लुकलुक पलीकडे जाते.

आणि ही लुकलुक बऱ्यापैकी संथ आहे: सेकंदाला ३१,२५० बिट, सीडीच्या ऑडिओच्या पंचेचाळिसाव्या हिश्श्याइतकी. एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तीन बाइटची एक नोट जवळजवळ एक मिलिसेकंद घेते. या वाटेने एका वेळी एकच जण जाऊ शकतो. त्यामुळे मिडीच्या केबलवर 'एकदम' असं काही नसतंच. दहा बोटं एकाच क्षणी पडली तरी नोटा रांगेतून जाणार. पहिला बाइट पुन्हा पुन्हा न पाठवण्याची काटकसर केली तरी शेवटची नोट पोचायला सहा-सात मिलिसेकंद लागणार. कानाला ते क्वचितच कळतं. पण कळलं की स्वस्थ बसू देत नाही, आणि ढोलाचे नि बासचे ठोके एकाच केबलवर कोंबणाऱ्यांनी याबद्दल कडकडून भांडणं केलेली आहेत.

लुकलुक मधेच तुटली तर काय होतं तेही पाहण्यासारखं असतं. ऑडिओची केबल उपटली की खट् होतं आणि आवाज जातो. मिडीची केबल पट्टी दाबलेली असताना उपटली की आवाज जात नाही. उलट तो थांबतच नाही. 'सुरू'चा निरोप मिळालेला असतो, 'बंद'चा येणार कुठून? ऑर्गनचा किंवा व्हायोलिनचा साउंड लावलेला असेल तर वाद्य आज्ञाधारकपणे तो सूर धरून बसतं, अगदी माणूस उठून चहाला गेला तरी. म्हणूनच बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पॅनिक नावाचं बटण असतं. त्याने 'सगळ्या नोटा बंद' असा आदेश सगळीकडे जातो.

बोटं टिपायची की आवाज, हा झगडा काही कॉम्प्युटरने आणलेला नाही. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, ध्वनीच्या थरथरीचीच रेघ उठवणारा. आणि त्याच्या आगेमागे कागदी पट्टीच्या भोकांवर चालणारे आपोआप वाजणारे पियानो रूढ होत गेले. १९०४ मध्ये जर्मनीत वेल्टे-मिन्यों ही यंत्रणा आली, तेव्हा भोकांमध्ये नुसती नोटच नव्हे तर हलकं-जोरातही साठवता येऊ लागलं. त्या काळच्या मोठमोठ्या वादकांनी अशा पट्ट्या करून ठेवल्या आहेत. आज त्या नीट लावलेल्या पियानोवर चढवल्या की समोर माणूस नसताना पट्ट्या खाली-वर होतात आणि आवाज येतो तो आत्ताच्या, या खोलीतल्या लखलखीत पियानोचा. त्याच वादकांच्या त्याच काळातल्या तबकड्या लावल्या तर खरखर, कर्ण्यातून आल्यासारखा कोंदट सूर, कारण मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण व्हायला १९२५ उजाडावं लागलं. तरीही जाणकारांमध्ये तबकडीची बाजू घेणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं माझ्या भाचीच्या म्हणण्याहून फार वेगळं नाही.

या भोकांवरून कोर्टकज्जेही झाले. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पियानोची कागदी पट्टी ही संगीताची प्रत नव्हे, कारण माणसाला ती वाचता येत नाही. तो यंत्राचा एक भाग आहे. संगीतकारांचं त्यात नुकसान होतं. पुढच्याच वर्षी कायदा बदलून त्यांना मोबदल्याची तरतूद करावी लागली. कायद्याने हात झटकावेत इतकी ती पट्टी आवाजापासून दूर होती, आणि तरीही त्यातून आवाज निघत होता.

इथवर आल्यावर मी मनाशी सोपी विभागणी करून मोकळा होणार होतो: मिडी म्हणजे सूचना, ऑडिओ म्हणजे प्रत्यक्ष आवाज. पण ती टिकेना. कारण ऑडिओचे आकडेही शेवटी सूचनाच आहेत. स्पीकरच्या पडद्याला सेकंदाला ४४,१०० वेळा सांगायचं, आता इथे ये, आता इथे जा. आणि किती वेळा सांगायचं हे बाहेरून कळवावं लागतं. ४४,१०० च्या फाइलला कुणी ४८,००० समजून वाजवलं तर सगळं घाईत उरकतं आणि सूर साधारण दीड अर्धस्वराने चढतात. पॅरिसमध्ये एदुआर-लेओं स्कॉट यांनी १८६० मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवली होती, ऐकण्यासाठी नव्हे, नुसती पाहण्यासाठी. ऐकवणारं यंत्र तेव्हा नव्हतंच. २००८ मध्ये संशोधकांनी त्या रेघेतून पहिल्यांदा आवाज काढला. बहुधा मुलीचा गळा असावा असं वाटलं. मग लक्षात आलं की गती दुप्पट धरली गेली होती. ती निम्मी केल्यावर एक पुरुष सावकाश गात होता, बहुधा स्कॉट स्वतःच. रेघ तीच, बदलला तो फक्त तिच्याबरोबरचा हिशेब.

तेव्हा फरक सूचना असण्या-नसण्याचा नाही. समोरच्याला काय काय येतं असं धरून चाललात, त्याचा आहे. ऑडिओ समोरच्याकडून जवळजवळ काहीच अपेक्षा ठेवत नाही. एक पडदा हवा, तो पुढे-मागे हलता हवा आणि गती माहीत हवी. पियानो कशाशी खातात हे त्या पडद्याला माहीत असायची गरज नाही. मिडी मात्र धरूनच चालते की पलीकडे कुणी जाणकार बसलाय. त्याच्याकडे पियानो आहे, पेडलचा अर्थ त्याला कळतो, ८७ म्हणजे किती जोरात हे तो स्वतः ठरवेल. घरोघरी पहिले कॉम्प्युटर आले तेव्हाची मिडी गाणी आठवतात? एकच फाइल माझ्याकडे पत्र्याच्या डब्यासारखी वाजायची आणि चांगलं साउंड कार्ड असलेल्या मित्राकडे मोठ्या वाद्यवृंदासारखी. तेव्हा मी फाइलला नावं ठेवायचो. वास्तविक फाइल दोन्हीकडे एकच निरोप देत होती. कानावर येत होती ती त्या त्या कार्डाची समज. भाचीने त्या दिवशी जे काही स्वतःचं मानलं, खोली, खुर्ची, पियानोचा तो ठरावीक आवाज, ते सगळं मिडीने समोरच्यावर सोपवलेलं होतं, आणि समोरच्या बाजूला मी व्हायोलिन घेऊन बसलो होतो. तिच्या बोटांबद्दल विचाराल तर फोनपेक्षा लिस्टमधल्या आकड्यांना जास्त माहीत होतं, हे मी अजूनही सोडायला तयार नाही. पण बोटं म्हणजे आपण, असं तिला वाटत नसेल तर मी कोण सांगणार?

२०२० मध्ये मिडी २.० आली. वेगाच्या पायऱ्या ६५,५३६ झाल्या, ते ठीकच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की आता यंत्रं एकमेकांना आधी विचारू शकतात: तू काय करू शकतोस? जुन्या मिडीत निरोप धाडणाऱ्याला पलीकडे कुणी आहे की नाही हेही कळत नसे. म्हणून तर १९९१ मध्ये जनरल मिडी नावाची यादी ठरवावी लागली होती, १२८ वाद्यांची, सगळ्यांनी सारखीच पाळायची. पहिल्या क्रमांकावर पियानो, चाळिसाव्याच्या पुढे व्हायोलिन, एकशे पाचवर सतार. शेवटी शेवटी वाद्यं संपली असावीत, कारण तिथे समुद्राची लाट, पक्ष्यांची किलबिल, टेलिफोन, हेलिकॉप्टर, टाळ्या आणि बंदुकीची गोळी आहे.

पण यादी सारखी असून भागत नाही. काही यंत्रं मोजायला १ पासून सुरुवात करतात, काही ० पासून. एका मित्राबरोबर मी एक तुकडा करत होतो. त्याने नोटा पाठवल्या आणि मेसेजमध्ये लिहिलं, शेवटी १२६ नंबर लाव, टाळ्या आहेत. त्याच्या यादीत मोजणी शून्यापासून, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एकापासून. तुकडा छान संपला आणि टाळ्यांच्या जागी हेलिकॉप्टर उतरलं. नंबर बदलायला क्षणाचंही काम नव्हतं. मी तो बदलला नाही. तसाच ऑडिओत उतरवून मित्राला पाठवून दिला. आता तो कुठल्याही यंत्रावर लावो, यादी शून्यापासून मोजो की एकापासून, हेलिकॉप्टरच येणार.